आप्पेपात्राला लागलेला लाल रंग

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी उगाच माझी बाजू घेणार नाही. सासूबाई उन्हाळ्यात गावी गेल्या असताना मी त्यांच्या बिडाच्या आप्पेपात्रात पाणी भरून ते चिमण्यांसाठी गॅलरीत ठेवलं, आणि त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

चिमणी एकही आली नाही. मोशीत आमच्या बाजूला चिमण्या राहिल्या आहेत की नाही, मला शंकाच आहे. कबुतरं मात्र आली. एकेक कबूतर एकेका खळग्यात पाय बुडवून बसायचं आणि गावच्या पारावर बसल्यासारखं इकडेतिकडे बघायचं. पण फोटो मी कबुतरं यायच्या आधी काढला होता. त्याखाली 'थेंबभर माणुसकी' असं लिहिलं होतं. लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं, "फार सुंदर जलपात्र. कुठे मिळालं?" मी लिहिलं, "घरच्या घरी." हे वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

बायको बँकेत नोकरीला आहे. तिनं तो फोटो दुपारी तिथे पाहिला आणि संध्याकाळी दारातच विचारलं, "आईचं पात्र पाण्यात ठेवलंत? गंजेल ना ते."

मी म्हणालो, "बिडाला काय होतंय?"

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघतो. आमच्याकडे बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग येतात. त्यांच्यावर गंज आहे का, हे बघणं आणि असला तर ते परत पाठवणं, यावर माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. नखाएवढा डाग दिसला तरी मी अख्खा क्रेट नाकारतो. पुरवठादारांना मी सांगत आलो आहे की बिडाला पाण्याचा हात लागला तरी चालत नाही. आणि घरी, कबुतरांच्या साक्षीनं, मी म्हणालो की बिडाला काय होतंय.

आता त्या पात्राबद्दल. सासरे गेल्यावर सासूबाई कुडाळकडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या, तेव्हा यायच्या आधी त्यांनी एक अट घातली होती. लेकीच्या घरी आईनं कायमचं राहून जावयाचं अन्न खाणं त्यांना पटत नव्हतं. आम्ही खूप समजावलं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "रविवारी सगळ्यांनी माझ्या हातचे आप्पे खायचे. तांदूळ माझे, गूळ माझा, पात्र माझं. मग बाकीचे दिवस मी तुमचं खाईन." मी गमतीनं म्हणालो, "आणि गॅस?" त्यांनी मनात हिशेब केला. मग म्हणाल्या, "गॅस तेवढा तुमचा."

ही अट त्यांनी कधी मोडली नाही. दर रविवारी त्या स्वयंपाकघराचा ताबा घ्यायच्या. विणकामाच्या जुन्या सुईनं आप्पे उलटायच्या. तेलातुपानं वर्षानुवर्षं काळंभोर झालेलं ते पात्र असं गुळगुळीत होतं की सुई नुसती टेकवली तरी आप्पा आपण होऊन कुशीवर वळायचा. शेजारी डबे जायचे. सोसायटीत मला 'आप्पेवाल्या आजींचे जावई' म्हणून ओळखणारे लोक होते. बाकीचे सहा दिवस सासूबाई आमच्या घरात मान वर करून राहायच्या, त्या या रविवारच्या जोरावर.

पाणी मी रोज भरत होतो, म्हणजे पात्राला सुकायला एक दिवसही दिला नाही. आंब्याफणसाचं आटोपून सासूबाई येणार असा फोन आला, तेव्हा मी ते उचललं. खाली फरशीवर सात लाल चकत्या उमटल्या होत्या. आत पापुद्रे सुटले होते. वर कबुतरांनी आपलं सगळं केलं होतं, ते वेगळंच.

बायकोनं एकदा पात्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आईला तुम्ही सांगायचं. मी नाही."

"सांगायची वेळच येणार नाही," मी म्हणालो.

मग मी घरगुती उपाय सुरू केले. लिंबू-मीठ झालं, चिंच झाली. अर्ध्या बटाट्याला मीठ लावून घासलं. त्यातून खारट बटाटा तयार झाला, गंज होता तिथेच राहिला. व्हिनेगर आणून पात्र आंघोळीच्या बादलीत बुडवून ठेवलं. बादलीचा रंग असा झाला की बायकोनं ती बादली माझ्या नावावर करून टाकली, आणि मी अजून तीच वापरतो. शेवटी ड्रिलला तारेचा ब्रश लावला. घरात धूळ नको म्हणून खाली पार्किंगमध्ये बसलो.

आमची सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे ते आजोबा संध्याकाळी फेरी मारायला येतात. शेत विकलं तरी बघायची सवय गेलेली नाही. ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"कुठल्या गाडीचं हाय ह्ये?"

"गाडीचं नाही. आप्प्यांचं आहे."

"मंग पार्किंगात कशाला?"

मी म्हणालो, गंज काढतोय. त्यांनी वाकून पाहिलं. "ह्यात पाखरांला पानी ठिवलं व्हतं, न्हाई का? माझ्या सुनंनं फोटू दाखविला मला." आणि ते पुढे निघून गेले. म्हणजे हा फोटो मोशीत माझ्या आधी पोचलेला होता.

ब्रशनं वरवरचा गंज गेला, खळग्यांच्या तळाचा गेला नाही. तेव्हा मला ती कल्पना सुचली. ती आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसालाच सुचू शकते. चिखलीत एक वर्कशॉप आहे, ते आमच्या कंपनीचे भाग साफ करून देतं. त्यांच्याकडे शॉट ब्लास्टिंगचं मशीन आहे. बंद पेटीत लोखंडाच्या बारीक गोळ्यांचा जोरात मारा करतात आणि गंजाचा कण शिल्लक राहत नाही. मालक लातूरकडचे, माझ्याच वयाचे. मी पात्र वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेलो.

त्यांनी कागद उघडला. "साहेब, घरचं आहे का?"

"सासूबाईंचं."

"मग तर जपून करावं लागंल की," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी न्या."

संध्याकाळी मी जायच्या आधीच मला आमच्या कंपनीच्या इनवर्डमधून, म्हणजे आलेला माल उतरवतात तिथून, फोन आला. "साहेब, जरा इनवर्डला या. लॉटमध्ये एक पार्ट ड्रॉइंगला मॅच होत नाहीये."

झालं असं की चिखलीतल्या पोरांनी आमच्या कंपनीच्या झाकणांबरोबरच पात्र मशीनमध्ये लटकवलं, त्यांच्याबरोबरच काढलं, गंज चढू नये म्हणून त्यांच्याबरोबरच कंपनीच्या तेलात बुडवलं, आणि त्यांच्याबरोबरच क्रेटमध्ये भरून टेम्पोनं चाकणला पाठवून दिलं. मी गेलो तेव्हा ते टेबलावर चकचकीत राखाडी होऊन बसलं होतं. इतकं स्वच्छ की मला क्षणभर आनंदच झाला. मग त्याच्या कानाजवळचा लाल रंग दिसला. चुकीचा भाग दिसला की आधी लाल रंग लावायचा आणि मग प्रश्न विचारायचे, हा आमच्याकडचा नियम आहे. तो नियम मीच केलेला आहे.

तिथे जमलेल्या प्रत्येकाला ते काय आहे हे कळत होतं. पण कुणी तसं म्हणत नव्हतं. इन्स्पेक्शनच्या मॅडमनी खळग्यांची खोली मोजून ठेवली होती. मधला खळगा बाकीच्यांपेक्षा किंचित खोल असल्याची त्यांनी नोंदही केली होती. "सर, हा डिफेक्ट धरायचा का डिझाइन?" त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. मी म्हणालो, "बघू."

त्या 'बघू'मध्येच मला खरं बोलता आलं असतं. मी बोललो नाही. पात्र लाल पिंजऱ्यात गेलं. नाकारलेले भाग तिथे ठेवतात, आणि त्याची किल्ली प्लँट हेडच्या परवानगीशिवाय मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग बसली. चिखलीच्या मालकांना बोलावलं होतं. टेबलाच्या मध्यभागी, पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत, आप्पेपात्र ठेवलेलं.

"हे काय आहे?" प्लँट हेडनी विचारलं.

"सर, आप्पेपात्र," कुणीतरी हळूच म्हणालं.

"ते मला दिसतंय. आमच्याही घरी आहे. सिस्टीममध्ये हे काय आहे?"

कुणाला माहीत नव्हतं. पार्ट नंबर नसल्यामुळे ते परतही पाठवता येत नव्हतं आणि भंगारातही काढता येत नव्हतं. "आज आप्पेपात्र आलं," प्लँट हेड म्हणाले, "उद्या कुकर येईल. मुळाशी जा."

मुळाशी जायचं म्हणजे 'का' विचारत जायचं. एका उत्तरावर पुन्हा 'का', त्याच्या उत्तरावर पुन्हा 'का'. आमच्याकडे हे काम माझं असतं. आणि मला आजही कळत नाही की माझ्या तोंडून ते कसं बाहेर पडलं, पण मी त्या भल्या माणसाकडे बघून कडक आवाजात विचारलं, "हे लॉटमध्ये आलंच का?"

"चुकून आलं, साहेब."

"चुकून का आलं?"

"झाकणांबरोबर मशीनला लावलं होतं."

"झाकणांबरोबर का लावलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काळजीनं. मग म्हणाले, "साहेब, आता पुढचा 'का' तुम्ही विचारू नका."

प्लँट हेडनी मान वर केली. "का?"

आता बोलण्याशिवाय इलाज नव्हता. "सर, ते माझ्या सासूबाईंचं आहे."

प्लँट हेडनी सवयीनं विचारलं, "त्या आपल्या सप्लायर आहेत?"

"नाही सर. सासू आहेत."

पात्र बाहेर न्यायला गेट पास लागला. गेटवरच्या माणसानं लिहिलं, आप्पेपात्र, बिडाचे, सात खळगे, एक नग. मग विचारलं, "रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?" मागे शिफ्ट सुटलेल्यांची रांग लागली होती आणि सगळी रांग पुढे वाकून बघत होती. मी म्हणालो, "काहीही टाका, राव." त्यानं रिटर्नेबल टाकलं. तेव्हापासून दर सोमवारी कॉम्प्युटर आपण होऊन मला मेल पाठवतो की एक नग आप्पेपात्र अद्याप परत आलेले नाही. त्याची प्रत प्लँट हेडना जाते. एकदा त्यांनी उत्तर दिलं, "परत येताना भरून यावे."

चिखलीच्या मालकांची माफी मी गेटबाहेरच मागितली. ती सोपी होती. ते हसले आणि म्हणाले, "आमची सासू असती तर आम्ही बी हेच केलं असतं." खरी अडचण घरी यायची होती.

पात्र मी साबणानं धुतलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, गॅसवर तापवून कंपनीचं तेल जाळलं. तीन खिडक्या उघडूनही घराला इनवर्डचा वास आला. लाल रंग थिनरनं बराचसा निघाला, पण कानाच्या खाचेत बोटाच्या टोकाएवढा राहिला तो राहिलाच.

सासूबाई निगडीला बसमधून उतरल्या त्या तांदळाचं पोतडं, गुळाची ढेप आणि कोकमं घेऊन. घरी येऊन पाय धुतले आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. पात्र हातात घेतलं. बराच वेळ फिरवून पाहिलं.

"केवढं लख्ख झालंय. कुणी केलं?"

बायको माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "मीच. म्हटलं, तुम्ही येताय तर..."

त्यांचं बोट त्या लाल ठिपक्यावर थांबलं. "आणि कुंकू लावून पूजा पण केलीत?"

मी "हं" म्हणालो. नुसतं "हं". पण त्याच्याइतकं वाईट मी आयुष्यात काही बोललेलो नाही. त्या संध्याकाळी त्यांनी गावी फोन करून धाकट्या बहिणीला सांगितलं, "जावय म्हंजे काय गो, देवमाणूस. माझ्या भांड्याची पूजा केल्यान." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "होय गो, कुंकू लावून," त्या म्हणाल्या. मी आत जाऊन माझ्या बादलीनं आंघोळ केली.

रविवारी आप्पे चिकटले.

चिकटणारच होते. वर्षानुवर्षांचा तेलाचा काळा थर मशीननं गंजाबरोबर खरवडून नेला होता. खाली उघडं लोखंड होतं. त्यावर पीठ पडलं की ते सुटणार नाही, हे मला त्या ओट्यापाशी उभ्या असलेल्या कुणाहीपेक्षा जास्त नीट माहीत होतं. सासूबाईंनी सुई टेकवली, आप्पा वळला नाही. जरा जोर केला, तर वरचा अर्धा भाग सुईवर आला आणि खालचा अर्धा खळग्यात राहिला.

"पीठ आंबलं नसेल नीट," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी पीठ चांगलं आंबलं होतं. तेलही सढळ होतं. आप्पे तरी चिकटले. आम्ही तो चुरा दुधात घालून खाल्ला आणि छान झाल्याचं सांगितलं, आणि ते ऐकताना त्यांचा चेहरा आणखी उतरला. शेजारी डबे गेले नाहीत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "आजी आल्या ना? मग रविवार सुना कसा?"

त्या आठवड्यात सासूबाई कमी जेवू लागल्या. एक पोळी घेतली की पुरे म्हणायच्या. मग बुधवारी त्यांनी कपाटावरची पिशवी खाली काढली.

"माझा हात गेला," त्या लेकीला म्हणाल्या. मी हॉलमध्ये होतो, मला ऐकू येत होतं. "पात्र इतकं लख्ख, जावयांनी एवढ्या प्रेमानं घासून ठेवलेलं. त्यात काही खोट नाही. हातच गेला. मग इथे नुसती बसून कुणाचं खाऊ? गावी पेज करून खाईन. ती काही चिकटत नाही."

बायको बाहेर आली. आवाज खाली ठेवून म्हणाली, "सांगा आता. नाहीतर मी सांगते. आणि मी सांगितलं तर फोटो दाखवून सांगेन."

मी म्हणालो, रविवारी सांगतो. ती म्हणाली, "रविवारी ती बसमध्ये असेल."

दुसऱ्या दिवशी मी कामावर उशिरा जाईन असं कळवलं. स्वयंपाकघरात गेलो तेव्हा सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून सुईच्या टोकानं खळग्यात अडकलेलं पीठ काढत होत्या. पात्र गावी न्यायचं होतं, म्हणून. मी शेजारी उभा राहिलो. मला सुरुवात कशी करायची ते कळेना. मला एकच पद्धत येते.

"आप्पे का चिकटतात ते सांगू का?" मी म्हणालो.

"सांगा."

"पात्राचा काळा थर गेलाय, म्हणून. थर का गेला? ते चिखलीला मशीनमध्ये घातलं होतं, म्हणून. मशीनमध्ये का घातलं? गंजलं होतं, म्हणून."

त्यांनी सुई खाली ठेवली. "गंजलं का?"

पहिल्यांदाच कुणीतरी तो 'का' मला विचारत होतं. "मी त्यात पाणी भरून गॅलरीत ठेवलं होतं. चिमण्यांसाठी."

"आल्या?"

"नाही. कबुतरं आली."

सासूबाईंनी पात्राकडे पाहिलं. एकेका खळग्यावरून बोट फिरवलं, जणू कुठलं कबूतर कुठे बसलं असेल ते बघत होत्या. मग बोट कानाशी आलं आणि लाल ठिपक्यावर थांबलं.

"आणि ह्यां कुंकू?" त्यांनी विचारलं. जावयाशी त्या कधीच गावच्या बोलीत बोलत नसत. अशा फक्त बहिणीशी बोलत.

"ते कुंकू नाही. आमच्याकडे नाकारलेल्या भागाला लाल रंग लावतात. तो नियम मी केलाय. मी पूजा वगैरे काही केली नाही. तुम्ही विचारलंत आणि मी हं म्हणालो. तुम्ही दोन रविवार स्वतःला दोष देत बसलात आणि मला माहीत असून मी आप्प्यांचा चुरा दुधात घालून खाल्ला, छान झालेत म्हणालो. आई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. तुमचं पात्र मी तुम्हाला न विचारता घेतलं, खराब केलं, ते दडवायला आणखी खराब केलं, आणि वर तुमच्याकडून कौतुक करून घेतलं. तुम्ही या घरात कुणाचं फुकट खात नव्हता. फुकटचं मी खाल्लं. माझं चुकलं. मला माफ करा."